मॉरिशस ते डोंबिवली : गोगलगायीच्या डीएनएमधला इतिहास



जूनमधला पहिला दमदार पाऊस पडून गेला की डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या कंपाउंड वॉलवर संध्याकाळी तपकिरी पट्ट्यांच्या मोठाल्या गोगलगायी चढायला लागतात. त्या भिंतीचा चुना खरवडून खातात, कारण शंख वाढवायला कॅल्शियम लागतं. वॉचमनकाका मिठाची पिशवी घेऊन निघतात आणि मला हाक मारतात, "ताई, तुमच्या पाहुण्या आल्या!"

काका गमतीत बोलतात, पण शब्द अगदी बरोबर आहे. ही गोगलगाय पाहुणीच आहे. तिचं नाव लिसाकॅटिना फुलिका. जुन्या पुस्तकांत अकॅटिना फुलिका असं सापडेल. शेतकरी तिला शंखी गोगलगाय म्हणतात. मूळ गाव पूर्व आफ्रिका.

त्याच आठवड्यात ठाण्याला येऊरच्या जंगलात जा. पाचोळा हलक्या हाताने उलटा, ओल्या दगडाची खालची बाजू बघा. नखाएवढ्या, काही तर तांदळाच्या दाण्याएवढ्या गोगलगायी दिसतील. या इथल्याच. त्यांच्यावर कोणी मीठ टाकत नाही, कारण त्या कोणाच्या नजरेलाच पडत नाहीत.

आजच्या लेखात या दोघींचा इतिहास सांगायचा आहे. पाहुणीचा इतिहास आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे, आणि तो कळला तिच्या डीएनएमध्ये जे *नाही* त्यावरून. इथल्या गोगलगायींच्या डीएनएमध्ये भरपूर काही असण्याची शक्यता आहे, पण ते वाचायला आपण जेमतेम सुरुवात केली आहे. तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल आणि विषय शोधत असाल, तर ही तफावत लक्षात ठेवा.

आधी कागदावरचा पुरावा

विल्यम हेन्री बेन्सन (१८०३ ते १८७०) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या मुलकी सेवेतला अधिकारी. नोकरी सरकारी, पण नाद शंख-शिंपल्यांचा. हिंदुस्थानातल्या कितीतरी जमिनीवरच्या गोगलगायींना शास्त्रीय नावं याच माणसाने दिली. आजही स्थानिक गोगलगायींची यादी काढली, तर अनेक नावांच्या मागे 'बेन्सन' लिहिलेलं दिसतं.

१८४७ मध्ये याच बेन्सनने मॉरिशसहून मोजक्या जिवंत आफ्रिकन गोगलगायी कलकत्त्याला आणल्या. तिथून निघताना त्या ओळखीच्या माणसाकडे सोपवल्या आणि त्या चौरंगी भागातल्या एका बागेत सोडल्या गेल्या. भारतातल्या या गोगलगायीच्या इतिहासाची सुरुवात साधारणपणे इथून सांगतात. म्हणजे ज्याने इथल्या गोगलगायींना नावं दिली, त्याच्याच हातून ही परकी गोगलगाय इथे आली. त्या काळात 'आक्रमक परकी जाती' ही कल्पनाच नव्हती, त्यामुळे आजच्या चष्म्यातून त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यात अर्थ नाही. इतिहास वाचताना ही शिस्त पाळायची.

मॉरिशस आपल्याला तसं परकं नाही. १८३४ पासून कलकत्ता, मद्रास आणि मुंबई बंदरांतून करारबद्ध मजूर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर जाऊ लागले. त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती, आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवून घेतात. हिंदी महासागरात जहाजांची ये-जा वाढली होती. माणसं तिकडे जात होती आणि तिकडच्या गोष्टी इकडे येत होत्या. कोरड्या दिवसांत ही गोगलगाय शंखाच्या तोंडावर पातळ पडदा ओढून महिनोन् महिने निपचित पडून राहते. जहाजातल्या प्रवासाला यापेक्षा सोयीचा प्राणी कुठला असणार?

काळाचा अंदाज यावा म्हणून सांगते. बेन्सनच्या गोगलगायी कलकत्त्यात उतरल्या तेव्हा आपल्याकडे रेल्वेसुद्धा नव्हती. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला, आणि १ मे १८५४ ला ती कल्याणपर्यंत गेली.

पुढचे टप्पे भराभर सांगते : १९०० साली श्रीलंका, मग आग्नेय आशिया, १९३६ मध्ये हवाई, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास प्रशांत महासागरातली अनेक बेटं. बहुतेक ठिकाणी माणसानेच नेली : कुठे खायला, कुठे औषध म्हणून, कुठे हौसेने, तर कुठे कुंडीतल्या मातीतून नकळत.

आता डीएनएचा पुरावा

कागद हरवतात आणि लिहिणारे चुकतात. म्हणून २०१४ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात आलेला एक शोधनिबंध महत्त्वाचा. इयान केंड्रिक फाँटानिला या फिलिपिनो संशोधकाबरोबर इतर काही जणांनी हे काम केलं. लेखकांत पुण्याच्या मॉडर्न कॉलेजचे डॉ. हेमंत घाटेही आहेत. त्यांनी २६ प्रदेशांतल्या ३९ ठिकाणच्या ५६० गोगलगायी घेतल्या आणि प्रत्येकीच्या मायटोकॉन्ड्रियामधला १६एस आरआरएनए नावाचा जनुक वाचला.

निकालाकडे जाण्याआधी 'हॅप्लोटाइप' म्हणजे काय ते बघू. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून, म्हणजे अंड्यातून येतो. गोगलगाय उभयलिंगी असली तरी हा डीएनए अंड्यातूनच पुढे जातो. त्यामुळे तो आईकडून चालणाऱ्या आडनावासारखा समजा. एकाच जनुकाच्या अक्षरांत थोडा फरक असला की ते वेगळं आडनाव, म्हणजेच वेगळा हॅप्लोटाइप.

आता कल्पना करा. सकाळची डोंबिवली फास्ट लोकल, एका डब्यात शेकडो आडनावं. त्यातली चार माणसं उचलून एका बेटावर नेऊन ठेवली. दीडशे वर्षांनी बेटावर लाखभर लोक झाले, तरी आडनावं फार तर चारच. बेटावरच्या कोणालाही कागद न दाखवता तुम्ही सांगू शकाल, की इथे सुरुवात फार थोड्या माणसांनी झाली. याला 'संस्थापक परिणाम' म्हणजे फाउंडर इफेक्ट म्हणतात. परीक्षेत व्याख्या लिहाल तेव्हा हा डबा आठवा.

आता निकाल. एकूण हॅप्लोटाइप मिळाले १८. त्यातले १४ पूर्व आफ्रिका आणि हिंदी महासागरातल्या बेटांवर. या १४ पैकी तिथून बाहेर पडलेले फक्त दोन : 'सी' आणि 'डी'. 'डी' गेला इक्वेडोर आणि बोलिव्हियाला. 'सी' उष्ण कटिबंधात सगळीकडे पसरला. उरलेले चार (फिलिपिन्सचा 'ई', न्यू कॅलेडोनिया आणि बार्बाडोसचा 'एफ', भारताचा 'ओ' आणि इक्वेडोरचा 'क्यू') हे 'सी'चेच किंचित बदललेले प्रकार. चौदा आणि चार अठरा, हिशोब जुळला.

जरा थांबून या आकड्यांचा अर्थ लावा. अर्ध्या जगात पसरलेल्या आणि कोट्यवधींच्या संख्येत असलेल्या प्राण्याच्या घरात जवळपास एकच आडनाव! ज्या प्रवासाची नोंद तुकड्यातुकड्यांनी झाली, तो 'विविधता नाही' एवढ्या एका वस्तुस्थितीतून समोर येतो. मूळ प्रदेशातून गोगलगायी पुन्हा पुन्हा बाहेर गेल्या नाहीत. थोड्याच बाहेर पडल्या, आणि पुढे त्यांचीच पिल्लावळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेली गेली.

कागद आणि डीएनए जुळले, म्हणजे सिद्ध झालं?

इथे नवखे विद्यार्थी घसरतात. मीही घसरले होते. पहिल्या वर्षाच्या सादरीकरणात मी ठणकावून सांगितलं, "१८४७ ची कलकत्त्याची गोष्ट डीएनएने सिद्ध झाली." मागच्या बाकावरून एका सरांनी शांतपणे विचारलं, "मॉरिशसहून आणखी कोणी दुसऱ्या बंदरात गोगलगायी उतरवल्या असत्या, तर तुझा निकाल वेगळा दिसला असता का?"

नसता. 'सी'च दिसला असता.

म्हणजे पुरावा काय सांगतो? जगभर पसरलेल्या गोगलगायींचा सगळ्यात जुना समान उगम हिंदी महासागरातली बेटं, एवढं नक्की. बेन्सनची मॉरिशसची गोष्ट त्याच्याशी *सुसंगत* आहे. पण सुसंगत असणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. पुरावा 'अ'शी जुळतो आणि 'ब'शीही तितकाच जुळतो, तेव्हा तो दोघांतला निवाडा करू शकत नाही. शोधनिबंधाचे लेखकही तेवढंच म्हणतात आणि पूर्व आफ्रिकेत आणखी नमुने घ्यायला हवेत असं सांगून थांबतात. चांगला निबंध कुठे थांबतो, हे आवर्जून बघायची सवय लावा.

दुसरी मर्यादा अशी. सगळीकडे एकच हॅप्लोटाइप असला की दिशा कळत नाही. कल्याण जंक्शनवर उभं राहून नुसता 'मुंबई' असा बोर्ड बघितला, तर गाडी कर्जतहून आली की कसाऱ्याहून, ते सांगता येईल का? तसंच इथे. ठाण्यातली गोगलगाय कलकत्त्याकडून जमिनीवरून आली की थेट मुंबई बंदरातून, हा प्रश्न १६एस या एका जनुकावर सुटणारच नाही. त्याला पेशीकेंद्रातल्या डीएनएच्या जास्त बदलत्या खुणा हव्यात, म्हणजे मायक्रोसॅटेलाइट किंवा जीनोमभर पसरलेले हजारो एसएनपी. २०१९ मध्ये या गोगलगायीचा अख्खा जीनोम ३१ गुणसूत्रांच्या पातळीपर्यंत जोडून झाला आहे, त्यामुळे हे काम आता पूर्वीपेक्षा खूप सोपं झालं आहे.

तिसरी गोष्ट. मायटोकॉन्ड्रियामध्ये विविधता नाही म्हणून पेशीकेंद्रातही नाही, असं धरून चालू नका. आडनाव एक असलं तरी घरातल्यांचे चेहरे वेगळे असतातच.

विविधता नाही, तरी एवढं यश?

पुस्तकात आपण शिकतो, की जनुकीय विविधता कमी म्हणजे जात कमकुवत. मग ही गोगलगाय का मरत नाही? उलट २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद जिल्ह्यांत गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं इतकी फस्त केली, की अनेकांना दुबार पेरणी करावी लागली.

उत्तर तिच्या जीवनक्रमात आहे. प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते, एका खेपेला शंभर ते चारशे. एकदा मिळालेले शुक्राणू ती महिनोन् महिने साठवून ठेवते, म्हणून एकटी गोगलगायही नव्या जागी वसाहत उभी करू शकते. खाण्यात आवडनिवड नाही. शिवाय तिला मूळ प्रदेशात रोखून धरणारे शत्रू नव्या जागी नसतात.

याचा सगळ्यात बोलका दाखला मायामीचा. १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून तीन गोगलगायी आणल्या आणि त्याच्या आजीने त्या बागेत सोडल्या. सात वर्षांत तिथे अठरा हजारांहून जास्त गोगलगायी आणि अंड्यांचे ढीग सापडले. त्या संपवायला दहा लाख डॉलरच्या आसपास खर्च आला. सुरुवात फक्त तीन गोगलगायींपासून.

एवढं मात्र लक्षात ठेवा : आजचं यश म्हणजे उद्याची हमी नव्हे. विविधता कमी असलेल्या समूहाला नव्या रोगाशी किंवा बदलत्या हवामानाशी झगडताना अडचण येऊ शकते.

आता येऊरकडे

पाहुणीबद्दल आपल्याला इतकं माहीत आहे. घरच्यांचं काय?

पश्चिम घाटात जमिनीवरच्या गोगलगायींच्या सुमारे २७० जाती नोंदवल्या गेल्या आहेत. त्यातल्या साधारण तीन-चतुर्थांश जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. यातल्या बहुतेकींची वर्णनं एकोणिसाव्या शतकातली : बेन्सनची, किंवा भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम ब्लॅनफर्डची. पुढे 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालिकेत १९०८, १९१४ आणि १९२१ मध्ये जमिनीवरच्या गोगलगायींचे खंड निघाले. आजही ओळख पटवायला आपण तेच उघडतो. पण ती वर्णनं मुख्यतः शंखांची आहेत.

काम संपलेलं नाही याचा पुरावा ताजा आहे. २०२१ मध्ये आंबोलीतून 'वराडिया आंबोलिएन्सिस' या अर्धशंखी गोगलगायीचं वर्णन प्रसिद्ध झालं. ती नुसती नवी जाती नव्हती, अख्खा नवा जीनस होता. आंबोली म्हणजे कोणी न पाहिलेलं ठिकाण नव्हे, पावसाळ्यात तिथे गाड्या लावायला जागा नसते.

आता डीएनएचा भाग. युरोपातल्या सेपिया नेमोरॅलिस या अगदी साध्या बागेतल्या गोगलगायीवर १९९६ मध्ये एक निबंध आला. एकाच जातीच्या गोगलगायींच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक सापडला. तुलनेसाठी सांगते, माणूस आणि चिंपांझी यांच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएमधला फरक साधारण ९ टक्के आहे. जमिनीवरच्या गोगलगायींत असं का होतं? त्या फारशा हलत नाहीत, छोट्या छोट्या गटांत लाखो वर्षं वेगळ्या राहतात, आणि त्यांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए वेगाने बदलत असण्याचीही शक्यता आहे.

म्हणजे जवळच्या दोन डोंगरांवरच्या गोगलगायीसुद्धा दोन वेगवेगळे इतिहास सांभाळून असू शकतात. येऊर आणि मलंगगड यांच्यामध्ये खाडी आहे, सपाटी आहे, आणि आता आपलं शहर आहे. दोन्हीकडे एकाच नावाने ओळखली जाणारी गोगलगाय खरंच एकच आहे का? त्या एकमेकींपासून कधी तुटल्या? हा प्रश्न पीएचडीला पुरेल एवढा मोठा आहे आणि लोकल-रिक्षाच्या खर्चात त्याचे नमुने मिळतात.

पण या प्रश्नाला मुदत आहे. जंगलाचा तुकडा गेला, तर तिथला हॅप्लोटाइपही गेला. तो दुसरीकडून आणता येत नाही. सोसायटीच्या भिंतीवरचा 'सी' मात्र उद्या डोंबिवलीतून संपला, तरी अर्ध्या जगात शिल्लक असेल.

मूरिआचा धडा

प्रशांत महासागरातल्या मूरिआ बेटावर पार्टुला नावाच्या छोट्या झाडावरच्या गोगलगायी होत्या. एकेका दरीत वेगळे रंग, वेगळी वळणं. त्यांच्या विविधतेवर शास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून काम करत होते. पुढे ब्रायन क्लार्क यांनी सहकाऱ्यांबरोबर त्यांच्या अनुवंशशास्त्रावर अनेक वर्षं काम केलं. वर सांगितलेल्या १९९६ च्या निबंधाच्या लेखकांतही हेच क्लार्क आहेत.

मग बेटावर आली आपली आफ्रिकन गोगलगाय. तिला खायला म्हणून १९७७ मध्ये अमेरिकेतली शिकारी गोगलगाय युग्लॅंडिना रोझिया तिथे सोडली. तिने आफ्रिकन गोगलगायीपेक्षा पार्टुलाच जास्त खाल्ल्या. दहा वर्षांच्या आत मूरिआच्या जंगलातली पार्टुला संपली. वाचलेल्या मोजक्या गोगलगायी शास्त्रज्ञांनी प्राणिसंग्रहालयांत नेऊन वाढवल्या. २०१५ पासून त्यांना पुन्हा बेटांवर सोडायला सुरुवात झाली.

पार्टुलाचं काय गेलं हे आज सांगता येतं, कारण आधी कोणीतरी नोंद करून ठेवली होती. येऊरसाठी ती नोंद आपल्याला करायची आहे.

कामाला लागणार असाल तर

माझ्या चुकांवरून काढलेले काही मुद्दे :

१. पहिल्या पावसाळ्यातले माझे सगळे नमुने वाया गेले. लॅबमध्ये हाताशी होतं म्हणून मी ते फॉर्मॅलिनमध्ये बुडवले. फॉर्मॅलिन डीएनए खराब करतं. पायाचा छोटा तुकडा शुद्ध इथेनॉलमध्ये ठेवा आणि एक-दोन दिवसांनी इथेनॉल बदला. माझं एक वर्ष गेलं, तुमचं जाऊ नये.

२. गोगलगायीचा चिकट स्राव डीएनएबरोबर येतो आणि पीसीआर अडवतो. बँड दिसला नाही म्हणून लगेच प्रायमरला दोष देऊ नका. सीटॅब पद्धत वापरून बघा, डीएनए विरळ करून बघा.

३. शंख जपून ठेवा. सीओआय बारकोडमध्ये दोन-तीन टक्के फरक म्हणजे वेगळी जात, हा ठोकताळा जमिनीवरच्या गोगलगायींना लागू करू नका. सेपियाचा आकडा आठवा. शंख, प्रजननसंस्थेचं विच्छेदन आणि डीएनए, तिन्ही लागतं.

४. हातमोजे घाला. आफ्रिकन गोगलगायीत उंदराच्या फुप्फुसातल्या जंताच्या अळ्या असू शकतात, आणि त्या माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतात.

५. राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय एक शंखही उचलू नका. अर्ज पावसाळ्याच्या खूप आधी करा, नाहीतर हंगाम हातचा जातो.

आणि मिठाची पिशवी उचलण्याआधी ओळख पटवून घ्या. आफ्रिकन गोगलगायीचा शंख लांबट, निमुळता, तपकिरी पट्ट्यांचा. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं, तर तोंड उजव्या बाजूला येतं. आपल्याकडच्या एरिओफँटा लीव्हिपेसचं तोंड डाव्या बाजूला येतं. ती इथली आहे.

हे मी वॉचमनकाकांना मागच्या जुलैत दाखवलं. परवा त्यांनी एका रिकाम्या डबीत काहीतरी जपून आणलं आणि म्हणाले, "ताई, ही डावरी आहे बघा. हिच्यावर मीठ नाही टाकलं."